पट्टे नसलेला स्नायू

रात्री सव्वादोनला राजमल्लू येमूलला आणलं,
अशोक चौकातून, रिक्षात आडवा घालून.
"नोप्पी, नोप्पी" एवढंच म्हणत होता.
कुठल्याच कुशीवर दुखणं मावत नव्हतं.

मे महिना. मागाच्या शेडमधली धग, नळ पाचव्या दिवशी.
खडा ज्वारीच्या कणीएवढा असेल, डॉक्टर म्हणाले.
तेवढ्यासाठी साडेतीन हातांचा माणूस
घडी घातलेल्या चादरीसारखा.

मी विचारलं, काचबिंदू आहे? लघवी तुंबते? हृदयाचं काही?
अंबव्वानं तिन्हींना नाही म्हणून मान हलवली.
तिची बोटं मांडीवर उगाच विडी वळत होती.

एक मिलीची कुपी. मान मोडली, औषध ओढलं,
शिरेतून हळूहळू सोडलं, घड्याळाकडं बघत.

तिला वाटलं, यानं खडा विरघळतो.
नाही हो. खडा आहे तिथंच आहे.
मूत्रनळी त्याला ढकलायला जाते,
आवळते, सुटायचं विसरते, पुन्हा आवळते.
धोटा अडकला तरी माग ठोकतच राहावा, तसं.
मज्जातंतूच्या टोकाकडून निरोप्या येत राहतो: आवळ, आवळ.
औषध फक्त त्याच्या जागेवर जाऊन बसतं.
निरोप्या येतो, बघतो, टेकायला जागा नाही.
नळी सैलावते.
आतड्यात पीळ पडला तरी हेच,
पित्ताच्या नळीला कळ आली तरी हेच.

अर्ध्या तासानं तो उताणा झोपला.
म्हणाला, जीभ नव्या टॉवेलसारखी झालीय, खरखरीत,
आणि समोरचं कॅलेंडर पुसट.
होतं तसं, म्हटलं. उतरेल.

तेव्हा दिसली उजवी मूठ. तशीच.
आत घामानं भिजलेली चिठ्ठी:
सोमवारपासून कामावर येऊ नये.
मूठ सोडा, सलाइन लावायचंय.
"हिच्यावर नाही चालत का, सिस्टर, तुमचं इंजेक्शन?"

नाही चालत.
हाताचे स्नायू पट्ट्यापट्ट्यांचे, तुमच्या चादरीसारखे,
तुमच्या हुकमातले.
हे औषध बिनपट्ट्यांच्यासाठी,
जे आतल्या आत राबतात, कुणाला विचारत नाहीत.

अंबव्वानं अंगठ्यापासून सुरुवात केली.
करंगळीपर्यंत आली तेव्हा त्यानं स्वतःच सोडलं.
चिठ्ठी तिनं वाचली नाही. कमरेला खोचली.
मग विचारलं, पाणी किती पाजायचं?
तीन लिटर, मी म्हणाले. रोज.
ती बोटांवर मोजत बसली
नळाचा वार.