उजव्या पायाचा अंगठा

रात्री अडीचला
आतून कुणी खिळा ठोकावा तसा जागा झालो.
अंगठ्यावर चादर पडली होती, नुसती चादर,
धुऊन धुऊन विरलेली,
आणि मी ओरडलो.
वरच्या पलंगावरून शाजीने टॉर्च मारला.
विंचू?
अरे, चौथ्या मजल्यावर विंचू कुठला, फाहहीलमध्ये!

सकाळी सेफ्टी बूट पायाला आत घेईना.
एकोणीस वर्षं मीना अब्दुल्लाच्या गेटवर
मीच पोरांना सांगत आलोय,
बूट नाही तर आत नाही.
त्या दिवशी गेटबाहेर मी,
एका पायात बूट, एका पायात स्लीपर.

क्लिनिकमधली डॉक्टरीण इजिप्तची.
म्हणाली, युरिक अॅसिड. आमच्याकडे याला राजांचा रोग म्हणतात.
सहा पलंगांच्या खोलीतला राजा मी,
लंगडत औषधाच्या खिडकीशी गेलो.
गोळ्या मिळाल्या, आणि एक कागद,
त्यावर काट मारलेली चित्रं:
कलेजी, मटण, कोळंबी, तारली, बीअरचा ग्लास.
मी म्हटलं, बाई, बीअरवर या देशानेच काट मारलीय.
ती हसली नाही.
पाणी किती पिता, एवढंच विचारलं.

तारली.
हर्णैच्या माणसाला तारली सोड सांगणं
म्हणजे आडनाव सोड सांगणं.
आता मासळी बाजारात
कोळंबीच्या ढिगाकडे पाठ करून उभा राहतो,
झुबैदीचा एक तुकडा घेतो, आठवड्याचा एकच.
मोतालेब बर्फ सारता सारता विचारतो,
दादा, रागावलात का माझ्यावर?

सूज तापलेली असताना बर्फ,
ती उतरायला लागली की कोमट पाणी.
कोमट! ऑगस्टमध्ये!
इथे गच्चीवरच्या टाकीतून
नळाला थेट चहाचं आधण येतं.
उन्हाळ्यात पाणी तापवत नाही कुणी,
रात्री बादली भरून निवायला ठेवतो.
कामावरून आलो की मी त्या बादलीशी बसायचो,
दर दहा मिनिटांनी कोपर बुडवून बघायचो,
तान्ह्या मुलाच्या अंघोळीला बघतात तसं.
माझ्या मुलीची एकही अंघोळ मी घातलेली नाही.
मग हळूच अंगठा आत.
आधी तो नको म्हणतो.
मग थोडा वेळ काहीच म्हणत नाही.

वैजयंतीला सांगितलं नव्हतं.
तिला कळलं मुकादमच्या बायकोकडून,
दापोलीच्या बँकेत, रांगेत.
फोनवर म्हणाली, पाय दाखव.
मी दाखवला.
बरा दिसतोय, म्हणाली,
नखं काप.
आणि मग थोडं थांबून,
हा डावा आहे. दुसरा दाखव.

दुसरा दाखवला.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
चित्र अडकलंय वाटून मी फोन हलवला,
तेव्हा तिचा हात हलला, पदराकडे.

त्यानंतर रोज हिशेब द्यायचा:
पाण्याच्या बाटल्या चार,
ताक दोन ग्लास, दुधी, पडवळ,
लुलूमधली चेरी महाग, तरी मूठभर.
गोळी घेतली. हो, घेतली.
शुक्रवारी खोलीत मटण शिजायचं
तेव्हा मी खाली उतरून
समुद्राच्या बाजूला एक चक्कर मारून यायचो,
आणि जिन्यात दुसऱ्या मजल्यापर्यंत वास भेटायला यायचा.

जानेवारीत सगळं उलटं.
टाकीतलं पाणी हाडात शिरणारं,
गिझर एक, माणसं सहा,
दोघांच्या अंघोळीत तो संपतो.
एका संध्याकाळी शाजीने न बोलता
ते मोठं अॅल्युमिनियमचं पातेलं गॅसवर चढवलं,
शुक्रवारचं, बुडाला पोचे आलेलं.
पाणी कढत झालं, त्यात गार ओतलं,
स्वतःचं कोपर बुडवून बघितलं,
आणि माझ्या पलंगापुढे आणून ठेवलं.
आता आपल्याला नवीन घ्यावं लागेल, एवढं म्हणाला.

पाय आत सोडला.
वाफेला कुठेतरी अजून
लवंग आणि चरबीचा वास.
ज्यात दर आठवड्याला दोन किलो मटण रटरटायचं
त्यात आता मी,
मंद आचेवरून उतरवलेला.

फोन वाजला. दाखवलं.
ती जवळ आली, इतकी जवळ की नुसतं कपाळ दिसलं.
म्हणाली,
पातेलं घासलंस ना आधी?