तीन नंबर

आधी ऐकलं ते त्रिशलानं.
दंडोबाच्या चढाला, सेकंड गिअरात,
मागं दोन बेस, जनरेटर, वायरींची भेंडोळी
आणि त्यांना रेलून बसलेली ती.
म्हणाली, पप्पा, खालून कोणीतरी दार वाजवतंय.

मी म्हणालो, डिझेल गाडी आहे, बोलणारच.
बावीस वर्षं लग्नांत साउंड लावतोय.
डाव्या कानात नुसती शिट्टी उरलीय,
उजवा हळदीपर्यंत तग धरतो, अक्षतांना दमतो.
हे घरात सांगितलेलं नाही.
म्हणून हसलो, गिअर बदलला.

मिरजेत, सतारी करणाऱ्यांच्या गल्लीमागं
दस्तगीर मिस्त्रीचं शेड.
बॉनेट उघडून त्यानं आधी काहीच केलं नाही.
चहा संपवला.
मग हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला,
टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटून उभा.
रेस द्या. सोडा. परत द्या.
सोडताना जास्त वाजतंय, म्हणाला.

एकेका इंजेक्टरचा नट सैल करत गेला.
एक नंबर: आवाज तसाच.
दोन: तसाच.
तीनला इंजिन लंगडलं
आणि टकटक विझली
असं त्रिशला म्हणाली.
मला दोन्ही वेळा सारखंच दिसलं.

पलीकडं कोणी तार चढवत असावं.
तिनं मान वळवली, म्हणून कळलं.

ऑइल काढलं. घमेल्यात काळं,
आणि उन्हात धरलं तर त्यात चमकी,
वरातीत नवऱ्यामुलावर उडवतात तसली.
"बेअरिंग हाय हे," दस्तगीर बोटावर चोळत म्हणाला,
"रॉडनं क्रँक खाल्लाय. किती दिवस वाजतंय?"
गणपतीपासून, त्रिशला म्हणाली.
मी घमेल्याकडं बघत राहिलो.

हिशेब एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर.
इंजिन खोलायचं, क्रँक कोल्हापुरात घासून आणायचा,
रॉड, बेअरिंग, मजुरी: बावन्न हजार.
"आणि घासल्यावर किती चालंल, ते मी सांगणार न्हाई."
कुपवाडच्या भंगारात एक सुमो, ट्रकनं मागून ठोकलेली,
पुढं ओरखडा नाही. तिचं इंजिन: अडतीस,
वर आरटीओची नोंद वेगळी.
गाडीच विकली तर चाळीस,
तेही भंगारवाला ओळखीचा म्हणून.
मार्गशीर्षात नऊ तारखा घेतल्यात.
त्यांचा इसार कधीच खर्च झालाय.

कुपवाडला ते इंजिन विटांवर ठेवलेलं.
बॅटरी जोडून, बाटलीनं डिझेल पाजून
चालू केलं.
दस्तगीरनं स्क्रू ड्रायव्हर माझ्यापुढं धरला:
"तुम्ही आवाजातली माणसं. बघा."
मी मूठ हाडाला टेकवली.
थरथर होती. चांगली दणकट थरथर.
तिच्यात काय होतं, कुणास ठाऊक.
मग मी तो त्रिशलाच्या हातात दिला.
दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या कानाकडं,
आणि खिशात विडी शोधायला लागला.

दहावीची पोर, एका हातानं वेणी मागं धरून
बराच वेळ वाकून उभी.
टोक वर ठेवलं, खाली ठेवलं,
परत तीन नंबरपाशी आणलं.
"खडखड आहे, पण ती वरची. सगळीकडं सारखी.
खाली कोणी नाहीये."
"टॅपेट," दस्तगीर म्हणाला. "बसवून देतो."
मी दोन हजार मोजले.

परवा संध्याकाळी जुनं इंजिन
साखळीला लोंबकळत बाहेर आलं,
मिस्त्रीच्या पोरानं पायानंच कोपऱ्यात सरकवलं.
नोंदीसाठी नव्याचा नंबर छापून घ्यायचा होता,
खोदलेल्या आकड्यांवर पेन्सिल घासायची,
वर सेलोटेप दाबायची, उचलायची, कागदावर चिकटवायची.
त्रिशलानं एका फटक्यात घेतला,
माझी सही कुठं ते दाखवलं.

टेप थोडी उरली होती.
कोणी मागितला नसताना
मी जुन्याचाही घेतला.
शेवटचे दोन आकडे नीट उठले नाहीत.