तिसरा रकाना

सूचना साधी होती:
कुणाला थांबवायचं नाही, हटकायचं नाही,
ओळखीचं दिसलं तरी हात करायचा नाही.
फक्त मोजायचं.
अशोक चौक, सकाळी साडेसात ते साडेनऊ,
बंद पानटपरीच्या फळीवर मी आणि माझा तक्ता:
घातलेले. न घातलेले.

पहिल्या दहा मिनिटांतच तक्ता अडला.
हेल्मेट होतं, पण कोपरात.
आरशाला टांगलेलं. टाकीवर बसवलेलं.
एकात तर चक्क दीड डझन अंडी.
मी पट्टीने उभी रेघ मारली
आणि वर लिहिलं: आहे, पण डोक्यावर नाही.
संध्याकाळी कोडम मॅडम म्हणाल्या,
हा रकाना राहू दे. खरा प्रश्न इथंच बसलाय.

चार उभ्या रेघा, एक आडवी. पाच.
आई विड्या मोजते पंचवीस-पंचवीसच्या कट्ट्याने,
टीव्हीकडे तोंड करून,
तिच्या अंगठ्यालाच आकडे येतात.
मला विचारते, एका रेघेला किती देतात?
दिवसाचे देतात, रेघेचे नाही.
मग बरंय, म्हणाली,
उगाच वाढवाव्याशा वाटणार नाहीत.

पहिला आठवडा, चौकात पोलीस नाही:
शंभरात अठरा.
दुसऱ्या आठवड्यात हवालदार हत्तुरे आले, पावतीचं मशीन आलं,
आणि चौकाच्या अलीकडे, चादरींच्या दुकानापाशी
सगळ्यांचे हात एकदम वर जाऊ लागले,
देवळासमोरून जाताना जातात तसे.
शंभरात एकाहत्तर.
चौक ओलांडला की पुन्हा कोपरात.
देव मागे पडला.

हत्तुरेंची ड्यूटी संपली तेव्हा मी फळीवरच होते.
खाकीवर चौकड्यांचा शर्ट चढवून ते निघाले.
हेल्मेट कोपरात.
मी रेघ मारली. त्यांनी पाहिलं.
दुसऱ्या दिवशी आधी चहा आला, मग ते स्वतः.
"कालची ती एक खोडता येते का बघ की."
"बॉलपेनने लिहिलंय, साहेब."
ते हसले नाहीत. गाड्यांकडे बघत राहिले.
मग म्हणाले, "दिवसभर डांबर तापतंय, डोकं तापतंय.
घरी जाताना तरी वारं लागावं वाटतंय गं."
तेही मी लिहिलं. शेऱ्यात.

शनिवारी विडी कारखान्यात गेलो.
मॅडम तेलुगूत बोलल्या, न अडखळता, माहेरी बोलावं तसं.
रांगेत टोपल्या, टोपल्यांत कट्टे,
चेकर छाट काढून बाजूला भिरकावत होता.
नरसव्वा यंगल पुढे झाल्या:
गाडी चालवणाऱ्याला सांगताय, चांगलंय.
मागं बसणारीला कोण घेऊन देणार?
अन् आमची छाट रोज मोजतात, तुमच्या रस्त्याची कोण मोजतं?
मॅडमनी आकडा सांगितला,
त्यांच्याच गल्लीसमोरच्या रस्त्याचा, गेल्या वर्षाचा.
तो इथं लिहीत नाही.
तंबाखूच्या धुरळ्यात कुणीतरी शिंकलं,
आणि बराच वेळ तेवढाच आवाज.

तिसरा आठवडा. हत्तुरेंना दुसरा चौक मिळाला.
पावत्या नाहीत, शिट्टी नाही, कुणी बघत नाही,
फळीवरची मी सोडून.
शंभरात सव्वीस.
मॅडमनी अहवालात लिहिलं: मोहिमेनंतर टिकलेली वाढ, आठ.
आठ म्हणजे थोडेच, मी म्हटलं.
त्यांनी चष्मा काढून पुसला.
अगं, आठ डोकी आहेत ती.

हे आठ कोण, ते सांगता येत नाही.
संख्याशास्त्रात आठांना चेहरा नसतो,
मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत.
तरी शेवटच्या सकाळी येणारी प्रत्येक काच
मी जरा जास्तच निरखत होते.
नऊ वाजून गेले असतील. एक जुनी स्कूटर,
चालवणारा न घातलेल्यांत गेला,
आणि मागे एक बाई, मांडीवर टोपली,
डोक्यावर पुरुषी, निळं, ढिलं हेल्मेट,
त्याच्या पट्ट्याला बाहेरून बांधलेला गजरा.

मागच्या सीटला रकाना नव्हता.
पट्टी घरी राहिली होती.
हातानेच रेघ मारली, वाकडी.