अर्थिंग

कंपनीचा माणूस आला, बूट दारात काढले,
खोका कापला, खिशातून मीटर काढून
सॉकेटात दोन काड्या घातल्या आणि म्हणाला,
मॅडम, अर्थिंग नाही. आम्ही लावत नाही.
सही घेऊन गेला.

चार दिवस थर्माकोलच्या चुऱ्यात
भांडी घासायचं यंत्र खिडकीशी बसून राहिलं
बघायला आलेल्या मुलासारखं,
आणि हौसाबाई त्याच्या डोक्यावर फडकं वाळत घालून
शेजारीच भांडी घासत राहिली.

पाचव्या दिवशी दिवा गावातले हरेश्वर मढवी आले,
कानामागे टेस्टर, सोबत मिसरूड न फुटलेला हेल्पर.
होल्डरला दोन वायरी, एक फेजला, एक अर्थला:
बल्ब लागला नाही.
पुन्हा टेकवल्या. नाही.
मग टेस्टर सिंकच्या नळाला लावला
आणि त्यात पेटला एक लाल ठिपका,
उदबत्तीच्या टोकाएवढा.

बघा, हौसाबाई म्हणाली.
एवढंच.

सहा वर्षं सांगत होती, ताई, नळाला मुंग्या येतात.
मी म्हणायचे, शुगर तपासून घे.
एकदा तपासायचे पैसेही मीच दिले,
पगारातून कापले नाहीत,
याचं मला किती दिवस बरं वाटत होतं.
घरातले आम्ही फ्रिज उघडताना स्लीपर घालायचो,
का, ते कुणी कुणाला विचारलं नाही.
ती ओल्या लादीवर, अनवाणी.

मेन पाडून मढवींनी डीबीचं झाकण काढलं.
आत हिरवी वायर, आखूड,
टोकाला लाल टेपचे तीन वेढे, शेवट दातानं तोडलेला.
बराच वेळ पाहत राहिले.
पोराला म्हणाले, जा, खाली चहा पिऊन ये.
मग मला: ही टेप माझी आहे.
सत्त्याण्णव साल. मी तेव्हा याच्याएवढा.
खालून आलेली अर्थ वीतभर कमी पडली.
ठेकेदार म्हणाला, ढकल आत, झाकण लाव.
लावलं.

किती घरांत?
त्यांनी पक्कड खिशात घातली, परत काढली.
या विंगला सोळा.

दुपारी आम्ही इमारतीमागे.
अर्थचा खड्डा पेव्हर ब्लॉकखाली गडप,
पोरानं पहारीनं तीन-चार उचकटले.
कोळसा, वाण्याकडचं खडेमीठ, बादलीनं पाणी.
मढवी मीठ मुठीनं सोडत होते
आणि आपणहून बोलले,
हे आमचं खाचर. सिडको यायच्या आधीचं.
आजा जन्मभर बांध घालायचा
खाडीचं मीठ आत शिरू नये म्हणून.
उधाणाच्या रात्री कंदील घेऊन इथंच उभा.
मूठ तशीच राहिली हवेत.
मग सोडली.

संध्याकाळपर्यंत नवी हिरवी वायर
डक्टातून, कबुतरांच्या विष्ठेतून,
तिसऱ्या मजल्यावर चढली.
बल्ब लागला, साठचा, पिवळाजर्द,
हौसाबाईनं सवयीनं हात जोडले
आणि मग स्वतःशीच हसली.

बिल एमसीबीच्या खोक्याच्या पाठीवर:
वायर, सोळा अँपियरचं सॉकेट, मीठ दहा किलो.
मजुरीपुढे आडवी रेघ.
हे काय, मी म्हटलं.
जुनं राहिलेलं काम होतं, म्हणाले,
आणि समोरच्या घराची बेल वाजवली.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस
मशीन लावून गेला, बूट न काढता.
हौसाबाईनं नळावर उघडा तळहात ठेवला,
ठेवूनच राहिली.
गेल्या, म्हणाली.
मग हात तसाच ठेवून,
उद्यापासून येऊ का नको?

मागे मशीनमध्ये पाणी भरायला लागलं होतं.
मी उगीच फ्रिजकडे निघाले
आणि पाय
स्लीपर शोधत राहिले.