वस्तूचं नाव

ताळगावच्या पठारावर मी
हवा बाहेर काढायचं काम करते.

खरेदी विभागाच्या इनासियो बार्रेतोनं फाईल परत पाठवली:
पंपाला एवढे लाख. आत नेमकं काय ठेवणार?
मी लिहिलं, काही नाही.
फाईल पुन्हा परत.

शेवटी तोच आला, जिना चढून, धापा टाकत.
दाखवले त्याला काचेचे दोन मणी,
धुळीहून बारीक. भार नाही, चुंबक नाही,
एकमेकांशी कसलं देणंघेणं नाही.
तरी रेघ हलते.
अंतर दुप्पट केलं की ओढ
एकशे अठ्ठाविसाव्या हिश्श्यावर येते,
पण शून्यावर? नाही येत.

कोण ओढतं?
कोणी नाही. रितेपणाला स्वस्थ बसवत नाही,
ते आतल्या आत उसळतं, विझतं,
आणि हे दोघे एका तालात शहारतात.

बराच वेळ तो पडद्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, बाप माझा झुआरीत, बार्जीवर.
खाणी बंद पडल्या त्या वर्षी
रित्या बार्जी शेजारी शेजारी नांगरलेल्या.
वारा नसायचा, नुसती लाट.
पहाटे बघावं तर टेकलेल्या एकमेकींना.
शिव्या देत तो मध्ये जुने टायर बांधायचा.

तेवढ्यात मणी चिकटले.
आठवड्याची मेहनत गेली.
टायर हवा होता, इनासियो म्हणाला,
आणि हसला नाही.

सोमवारी फाईल आली, मंजूर.
वस्तूचं नाव, या रकान्यात निळ्या शाईनं:
पोकळी, नग एक.
खाली छापील: नाशवंत / टिकाऊ.
तिथं त्यानं
काहीच खोडलेलं नाही.