आतड्यांच्या नोंदी

आरेत, तबेल्यांच्या मागे, गवत संपतं तिथे
कमरेएवढं वारूळ.
फुलजी भोयेने कुदळीने एकच कूस उघडली.
"राणीला हात लावायचा नाय," म्हणाला,
आणि आम्ही बाग काढली:
मेंदूसारखी सुरकुतलेली, हाताला उबदार,
वर साबुदाण्याहून बारीक पांढरे मणी.
बाग डब्यात. डबा रिक्षात. रिक्षा सांताक्रूझला.

साठ तरणे, साठ म्हातारे, चाळीस सैनिक.
डोकं एका चिमट्यात, शेपटाकडचं टोक दुसऱ्यात,
हळू ओढलं की आतडं अखंड येतं,
केसाच्या जाडीचं, आतलं सगळं दाखवणारं.
तरण्याचं: पाचोळ्याचा चुरा, अजून पाचोळाच.
म्हाताऱ्याचं: करडं, एकजीव.
सैनिकाचं: जवळजवळ काच.

म्हातारे बाहेर जातात.
लाकूड, वाळकं शेण, बांबूची साल,
एकदा कुणाच्या तरी रेशनकार्डाची झेरॉक्स.
आणतात, खात नाहीत.
घरातले तरणे ते मण्यांसकट गिळतात
आणि घाईने मागे टाकतात, पुरतं न पचलेलं.
हिला विष्ठा म्हणावं
की पेरणी?
बुरशी त्यावर महिना-दीड महिना बसते,
लाकडातलं हट्टी ते एकेक करून सोडवते,
मग तळचा जुना थर, मऊ पडलेला,
म्हातारे खातात.
सैनिकाचा जबडा लढाईचा,
त्याला घासही दुसऱ्याने भरवावा लागतो.

मी नळीत थेंब सोडते. पिवळ्याचं विटकरी होतं.
कुठे जास्त, कुठे कमी,
पण पचन सुरू झालं आणि संपलं
अशी एकही नळी नाही.

अहवाल मराठीत हवा होता.
पुस्तकातला शब्द: जात. कामकरी जात, सैनिक जात.
तेंडोलकर मॅडमनी लाल पेनाने खोडून 'गट' केलं,
समासात काहीच लिहिलं नाही.
मीही विचारलं नाही.

फुलजीला विचारलं मात्र.
तो हसला. "पोटावरून ठरते म्हणता?
श्रावणात ह्याच कुशीतून अळंबी वर येते.
आमच्या पाड्यात दोन दिस दुसरं कालवण नसतं.
बाग तीच ना?
मग मला कुठं लिवलंय?"

तीन रकाने होते.
पट्टी शोधली, सापडली नाही,
हातानेच चौथी रेघ मारली, वाकडी आली.

दुपारचे अडीच. हात दोनदा धुतले तरी वारुळाचा वास.
डबा उघडला: आंबोळ्या.
पीठ काल रात्री आईने ओट्यावर झाकून ठेवलं होतं,
सकाळी झाकण वर उचललं गेलं होतं.
मी खात बसले,
रात्रभर कुणीतरी
माझ्या आधी खाऊन ठेवलेलं.