खाप्याच्या पुढं

पहाटे पावणेचार. कामठीच्या पुलाशी
शालिक भाऊजींनी माझ्या मागच्या टायरवर अंगठा दाबला,
म्हणाले, 'अजून चार दट्टे मार.'
मार्च. कन्हान खाली काळी, अर्धं पात्र वाळूचं,
वाळूत एक ट्रॅक्टर दिवे विझवून उभा.
आम्ही त्याला पाहिलं नाही,
त्यानं आम्हाला.

शकूनताईनं डबा देताना
एवढंच म्हटलं होतं : 'लक्ष ठेव.'
कशावर, ते नाही म्हणाली.
अकरा वर्षं झाली.
तिच्या घरात खोकल्याचं औषधही
पत्र्याच्या पेटीत असतं, आणि किल्ली तिच्या पोतीत.

खापरखेड्याच्या चिमण्यांचे लाल दिवे
किती वेळ उजव्या खांद्यावर बसून होते.
राखेचा वास. मग ओल्या गव्हाचा.
मग संत्र्याचा, पेट्या भरून रस्त्यावर लावलेल्या,
राखणदार त्यांच्यावरच झोपलेला.
भाऊजी पुढं. त्यांची चेन दर फेरीला
एकदा टिक करते; गेल्या दिवाळीपासून करते.
मी त्या टिकवर पाय टाकत जाते.
बोलणं नसतं. चढाला फक्त हात वर :
गिअर खाली घे.

खाप्याला नदी सुटली, दोन वळणांनी परत आली.
उजाडलं तसा दुसराच वास सुरू झाला.
गोड, जड, जरा शिळा,
जसा लग्नघरातल्या मागच्या खोलीत येतो.
मी भाऊजींच्या पाठीकडे पाहिलं.
पाठ काही बोलली नाही.
टिक. टिक.

हद्दीची पाटी आली. डांबर बदललं,
खिशातला फोन थरथरला आणि त्यानं आमचं
हिंदीत स्वागत केलं.
नदीला कोणी कळवलेलं नसावं.

झाड पाटीपासून वीस पावलांवर.
खाली जाळून साफ केलेली जमीन,
आणि तिच्यावर फुलं,
रात्रभर कुणी ओल्या मण्यांची माळ तोडत बसावं तशी.
फुलवंता धुर्वे वेचत होती. टोपली अर्धी.
'अस्वल येऊन गेलं,' ती म्हणाली,
'आता तुम्ही आले.'

भाऊजींनी सायकल झाडाला टेकवली.
हेल्मेट काढलं. वाकले.
एक फूल उचलून तळहातावर ठेवलं,
डॉक्टरानं दिलेली गोळी धरावी तसं.
मी पाण्याची बाटली उघडली, बंद केली.
'मावशी, हे खाल्लं तर चालते का?'
'काऊन नाई? लेकरं खातेत.'
'मी सोडली आहे.'
ती तेव्हा पहिल्यांदा उभी राहिली,
कमरेवर हात देऊन, सावकाश.
'फूल हाये, बापा. फूल काई करत नाई.
करते ते मडक्यात गेल्यावर.
अन् मडक्यात ते आपल्या पायानं जात नाई.'

त्यांनी ते तोंडात टाकलं.
किती वेळ चावलं, मी मोजलं नाही.
मोजलं. एकोणीस.
डोळ्यांत पाणी आलं ते धुरानंही असेल,
पलीकडे कुणी पाला जाळत होतं.
'मनुक्यासारखं लागतं,' म्हणाले,
'पण मनुक्याला कळत नाही आपण मनुका आहोत.'
याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

फुलवंतानं ओंजळभर दिली. पैसे घेतले नाहीत,
धपाटा घेतला, वास घेतला, कनवटीला खोचला.

रामाकोन्यापर्यंत जाऊन वळलो. परतीला वारा तोंडावर,
डांबर वितळलेलं, भाऊजींच्या हँडलवरच्या थैलीत
ओंजळ उन्हानं काळपटत चाललेली.
पाटणसावंगीला वास बदलला.
त्यांना आधी कळलं. थांबले.
थैली सोडून माझ्याकडे धरली,
तोंड नदीकडे.

बिना संगमाजवळ एका शेळीनं सगळं खाल्लं,
थैलीच्या बंदासकट.

'कसं झालं?' ताईनं दारातच विचारलं.
माझ्याकडे बघून, त्यांना नाही.
'एक पंक्चर,' मी म्हटलं.
पंक्चर झालं नव्हतं.
आत भाऊजी चेनला तेल देत होते,
अंगणात उलटी सायकल, चाक फिरतंय,
टिक नाही.